मोहोळ उठून गेल्यावर

बारामतीहून इंदापूरकडे निघालं की भवानीनगर मागे पडतं, आणि अंथुर्ण्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस सोडून फारसं काही दिसत नाही. नीरा डाव्या कालव्याचं पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या भागात आलं, पुढे साखर कारखाने उभे राहिले, आणि बाजरी-ज्वारीचा जिरायत मुलूख बघता बघता बागायती झाला. साखरेच्या या मुलखात मधमाशीला मात्र खायला फार थोडं आहे. ऊस हे वाऱ्यावर पराग सोडणारं गवत. त्याच्या तुऱ्यात मकरंद नाही, आणि तुरा धरू देणं शेतकऱ्याला परवडत नाही. एकरच्या एकर हिरवं रान, पण माशीच्या लेखी सगळं रिकामं. मग ती रसवंतीवर येते. उन्हाळ्यात चरकाभोवती, चिपाडांच्या ढिगावर, गाळणीच्या कडेला माश्यांचा गराडा पडलेला असतो. रसवाला फडकं झटकत राहतो, माश्या परत परत येतात, काही रसात पडून मरतात. लोक म्हणतात, गोडाला आल्या. मला वाटतं, दुसरीकडे काही उरलं नाही म्हणून आल्या. रसवंतीवर तिला साखर मिळते, पण पिल्लं वाढवायला लागणारे परागकण मिळत नाहीत.

तिचं खरं पोट भरतं ते बांधावर. बाभूळ, कडुनिंब, बोर, ओढ्याकाठची वेडी बाभूळ, घरामागचा शेवगा, कुणी हौसेनं केलेला करडईचा पट्टा, आणि निमगाव केतकीकडच्या डाळिंबाच्या बागा. कडबनवाडीसारखे गवताचे माळ इंदापूर तालुक्यात अजून शिल्लक आहेत. तिथे पाऊस पडून गेल्यावर जमिनीलगत कितीतरी बारकी फुलं येतात, ज्यांची नावं शेतकऱ्याच्या लेखी ‘तण’ या एकाच शब्दात संपतात. मेणबत्त्यांसाठी गाळलेल्या, माझ्या हातातल्या मेणाच्या पिवळ्या ढेपेत हे सगळं आहे. उसानं जे व्यापलं नाही, ट्रॅक्टरनं जे नांगरलं नाही, त्याचं हे मेण. म्हणून मेणबत्तीबद्दल लिहायला बसलं की मला आधी बांध आठवतो, आणि तो दर वर्षी अरुंद होत चालला आहे याची चिंता वाटते.

मेण माशी बाहेरून आणत नाही, अंगातून काढते. कामकरी माशी साधारण बारा ते अठरा दिवसांची असते तेव्हा तिच्या पोटाखालच्या ग्रंथींच्या चार जोड्या पाझरू लागतात. हवा लागली की त्या पाझराच्या पातळ चकत्या बनतात. एक चकती जेमतेम मिलिग्रॅमभर. किलोभर मेण म्हणजे अशा दहा लाखांच्या आसपास चकत्या, आणि त्यासाठी माश्यांनी आधी स्वतः सहा-आठ किलो मध खाल्लेला असतो असा ढोबळ हिशेब सांगतात. ताजं मेण पांढरं असतं. परागकण आणि झाडांची राळ यांमुळे ते पिवळं होतं. एका घरात अळ्यांच्या पिढ्यांमागून पिढ्या वाढल्या की कोशांचे थर साचून पोळं आधी तपकिरी, मग काळं पडतं. पेटीत माश्या पाळणारे असं जुनं पोळं काढून टाकतात, कारण त्यात रोग आणि मेणकिडा दोन्ही घर करतात. वजनाला भरपूर वाटणाऱ्या काळ्या पोळ्यातून वितळवल्यावर मेण थोडंच निघतं, बाकीचा चोथा. तरी ते फेकायचं नसतं.

आग्या मोहोळाची गोष्ट वेगळी. पाण्याच्या उंच टाकीखाली, वडाच्या आडव्या फांदीला, कालव्यावरच्या पुलाच्या पोटाला ही मोहोळं लागतात. आग्यामाशी मोसमाबरोबर फिरणारी. फुलोरा सरला, ऊन चढलं की एके दिवशी मोहोळ उठतं. मागे मेणाचा एकच मोठा पडदा लोंबत राहतो. मध नाही, पिल्लं नाहीत, राखणारं कोणी नाही. काही आठवड्यांत मेणकिड्याच्या अळ्या त्याची जाळी करून टाकतात, आणि उरलेले तुकडे खाली गळतात. मला या मेणाचं विशेष वाटतं. ते घेताना माशीचं काही हिसकावून घेतलेलं नसतं.

अंधारात टेंभा पेटवून मोहोळ जाळणं, हजारो माश्या भाजून सगळं पोळं पिल्लांसकट पिळून काढणं, ही पद्धत आपल्याकडे जुनी आहे आणि वाईट आहे. त्यातून निघालेला मधही गढूळ असतो. विदर्भात डॉ. गोपाल पालीवाल यांनी मध काढणाऱ्यांना अंगभर पोशाख घालून, फक्त मधाचा भाग कापून, पिल्लांचा भाग जागेवर ठेवायला शिकवलं. तेच मोहोळ मग पुन्हा भरतं. आपल्या तालुक्यात हे सरसकट व्हायला हवं. आणि नवख्यानं तर उठून गेलेल्या मोहोळासाठीही टाकीवर चढू नये. रिकामं दिसणारं मोहोळ रिकामं असेलच असं नाही, आणि आग्यामाशीच्या हल्ल्यात माणसं दगावतात. खाली पडलेलं तेवढं उचलावं.

मेण आमच्या घरांना काही नवं नाही. आजीच्या फणेरपेटीत आरसा, फणी, कुंकवाचा करंडा आणि मेणाची एक छोटी डबी असायची. अंघोळ झाली की बोट मेणावर फिरवायचं, कपाळावर गोल टेकवायचं, आणि त्यावर कोरडं कुंकू. मेणामुळे ते दिवसभर हलत नसे. चिकटणाऱ्या टिकल्या आल्या आणि डबी पेटीतून गेली. चांभाराच्या दोऱ्यालाही मेणच लावलेलं असे, त्यानं दोरा पाण्यात कुजत नाही. थोडक्यात, गावात मेण लागायचं तेही चिमटीनं. उजेडासाठी ते जाळण्याइतकं कुणाकडे नव्हतं. देवापुढे तूप किंवा तेल, ओसरीवर चिमणी नाहीतर कंदील. दुकानातून आलेली पांढरी मेणबत्ती खनिज तेलातून निघणाऱ्या पॅराफिनची, आणि भारनियमनाच्या काळात आम्ही तिच्याच उजेडात अभ्यास केला. मधमाशीच्या मेणाचा दिवा युरोपातल्या चर्चमध्ये शतकानुशतकं जळत होता, तो आमच्या देवघरात कधी नव्हता. पण वाती वळणं आणि दिव्याला जपणं ही दोन कामं आमच्या घरातल्या बायकांच्या हाताला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत, आणि मेणबत्ती करायला हीच दोन कामं लागतात.

मधमाशी आणि दिवा यांवरून मला वर्धा आठवतं. तिथे मगनवाडीत १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार. तिथल्या उद्योगांत मधमाशीपालन होतं, आणि रॉकेलऐवजी वनस्पतीच्या तेलावर जळणारा ‘मगनदीप’ नावाचा दिवाही तिथे घडवला गेला. खेड्याचा उजेड खेड्यातल्या मालावर जळावा, ही त्यामागची धारणा. कुमारप्पांनी तुरुंगात लिहिलेलं ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ १९४५ साली आलं. त्यात त्यांनी निसर्गातल्या प्राण्यांवरून अर्थव्यवहाराच्या पायऱ्या लावल्या आहेत. दुसऱ्याला मारून जगणारा वाघ सगळ्यांत खाली, आणि स्वतःपुरतं न पाहता सगळ्या वसाहतीसाठी साठवणारी मधमाशी बरीच वर. उसाच्या पट्ट्यात राहून हे पुस्तक वाचताना मन अस्वस्थ होतं. पाणी, जमीन, रस्ता, सगळं एकाच पिकाच्या दिशेनं वाहत असताना बांधावरच्या फुलांतून कोण काय साठवतं आहे, याची नोंद कुठल्याही पीक पाहणीत होत नाही.

आता मेण गाळण्याबद्दल. पोळ्याचे तुकडे आधी साध्या पाण्यात रात्रभर भिजवायचे, म्हणजे मधाचा अंश आणि घाण सुटते, आणि चोथा पाण्यानं फुगल्यामुळे वितळलेलं मेण कमी शोषतो. मग ते जुन्या सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधून पाण्याच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवायचं. मेण बासष्ट ते चौसष्ट अंशांना वितळतं. पाण्याला उकळी यायची गरज नाही, येऊ द्यायचीही नाही. पुरचुंडी पळीनं दाबत राहिलं की मेण कापडातून वर येऊन तरंगतं. पातेलं झाकून हळूहळू निवू द्यावं. सकाळी वर पिवळी चकती, तिच्या बुडाला खरवडून काढण्याजोगा गाळ. एकदा-दोनदा हेच केलं की स्वच्छ ढेप मिळते. लोखंडाच्या किंवा तांब्याच्या भांड्यात मेणाचा रंग बिघडतो, म्हणून स्टील. आणि ते भांडं पुन्हा स्वयंपाकात नाही.

पाण्याचा प्रश्न आमच्याकडे खरा आहे. कालव्याखालच्या जमिनी चोपण होत गेल्या, विहिरी-बोअरचं पाणी जड. अशा पाण्यातल्या चुन्याचा मेणातल्या मोकळ्या आम्लांशी संयोग होऊन साबणासारखा पदार्थ बनतो, आणि चकतीऐवजी भुसभुशीत, मळकट लगदा हाती येतो. पावसाचं साठवलेलं पाणी सगळ्यांत चांगलं. नसेल तर पाण्यात थोडं व्हिनेगर. पुण्यात १९६२ साली खादी आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था सुरू झाली, तिथे भारतीय माश्यांच्या मेणांचा नीट अभ्यास झाला. आपल्या सातेरी आणि आग्यामाशीच्या मेणात मोकळी आम्लं युरोपीय मेलिफेरा माशीच्या मेणापेक्षा बरीच कमी असतात. बांधावरच्या मोहोळाचं मेण म्हणूनच जड पाणी थोडं जास्त सोसतं, आणि पेटीतल्या मेलिफेराचं लवकर बिघडतं.

एक गोष्ट मात्र गाळून जात नाही. डाळिंब-द्राक्षांवर होणाऱ्या फवारणीतली तेलात विरघळणारी औषधं मेण धरून ठेवतं. कुठल्या रानातलं मेण आहे हे ठाऊक नसेल तर त्याचं ओठांना लावायचं मलम करू नये, लहान बाळाच्या अंगाला तर नाहीच. दिवा करावा.

वितळवलेल्या मेणाकडे पाठ करून उभं राहायचं नाही, हा या कामातला पहिला नियम. साचात ओतण्यासाठी मेण पुन्हा वितळवताना भांडं थेट गॅसवर ठेवलं तर तापमान कुठवर गेलं हे डोळ्यांना कळत नाही. दोनशे अंशांपलीकडे त्याची वाफ पेट घेते. म्हणून पातेल्यात पाणी, पाण्यात बुडाशी एक ताटली, त्यावर मेणाचा डबा. खालचं पाणी आटू न देता ठेवलं तर मेण शंभराच्या वर जाऊच शकत नाही. तरीही पेट घेतलाच, तर गॅस बंद करून वर झाकण टाकायचं. पाणी ओतायचं नाही. पेटत्या मेणात पाणी पडलं की क्षणात वाफ होते आणि ती जळतं मेण सगळीकडे उडवते. अंगावर गरम मेण सांडलं तर ते ओरबाडून न काढता वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावं; हळद, शाई, टूथपेस्ट यांतलं काही लावू नये. उरलेलं मेण मोरीत ओतू नये. हे सगळं मी स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या माणसाला सांगावं तसं सांगते आहे, कारण बहुतेक अपघात तिथेच होतात. पदर खोचलेला असावा, केस बांधलेले असावेत, लहान मुलं बाहेर.

वातीचं शास्त्र फार सुंदर आहे. फुलवात तुपासाठी, लांब वात तेलासाठी. लक्षवातींचं व्रत करणाऱ्या बायका चातुर्मासात कापसाचे पेळू घेऊन बसतात ते आपण पाहिलेलं असतं. पण हातानं वळलेली सैल वात मेणबत्तीत उपयोगाची नाही. तिची टोकं जळून काजळीची गाठ होते, ज्योत भडकते. जुन्या काळी युरोपात दर थोड्या वेळानं कात्रीनं वात छाटत बसावं लागे. फ्रान्समध्ये कांबासेरेस यांनी १८२५ साली वेणी घातलेली वात आणली. वेणीमुळे जळतं टोक एका बाजूला वाकतं, ज्योतीच्या कडेला येतं आणि तिथल्या आचेत स्वतःच जळून जातं. तीन पदरी वेणी तर आमच्या प्रत्येकीला डोळे मिटून घालता येते. जुन्या सुती धोतराचं, लुगड्याचं सूत उसवून ती घालता येते, फक्त सूत खरोखर सुती असलं पाहिजे. एक धागा चिमट्यात धरून पेटवावा. कागद जळाल्यासारखा वास आणि बोटांत विरणारी राख असेल तर कापूस. टोकाला कडक मणी झाला तर त्यात पॉलिस्टर आहे; ते वितळून ठिबकतं, वातीला चालत नाही. मधमाशीचं मेण घट्ट असतं, त्याला पॅराफिनपेक्षा जाड वात लागते. किती जाड, ते साचाच्या रुंदीवर. एक छोटी मेणबत्ती करून जाळून पाहिल्याशिवाय अख्खी ढेप संपवू नये. वात मेणात बुडून विझली तर बारीक, धूर करत उंच जळली तर जाड.

भांड्यांच्या बाबतीत टाकाऊतून टिकाऊ या उत्साहाला आवर घालायला हवा. घरात पडलेल्या कशातही मेण ओतलं की दिवा होतो असं नाही. करवंटी दिसते छान, पण ती स्वतः जळण आहे. बंब पेटवायला आपण तीच वापरतो. कोरी मातीची पणती मेण शोषते आणि कधी कधी सगळी कडाच वात होऊन पेटते. पातळ काचेचा पेला बुडाशी ज्योत पोचली की तडकतो. शेतात पडलेले पाइपचे तुकडे साचा म्हणून वापरावेसे वाटतात, पण गरम मेणानं ते नरम पडतात आणि त्यांतून काय सुटतं याचा भरवसा नाही. जाड काचेची लोणच्याची धड बरणी, चिनी मातीचा न तडकलेला पेला, पत्र्याचा डबा, स्टीलची वाटी, एवढ्यांवर भागवावं. पत्रा आणि स्टील बुडातून तापतं, म्हणून खाली शहाबादीचा तुकडा. साचाशिवाय करायची सगळ्यांत जुनी रीत म्हणजे वात मेणात बुडवायची, बाहेर काढायची, निवू द्यायची, पुन्हा बुडवायची. अंगावर थरावर थर चढत जातात. वेळ लागतो, पण साच्यातलीपेक्षा मला हीच आवडते.

जळत्या मेणबत्तीची शिस्त थोडी आहे पण कडक आहे. पेटवण्याआधी वात बोटाच्या अर्ध्या पेराहून लांब नसावी. पहिल्या खेपेला वरचं मेण कडेपर्यंत वितळेतो जळू द्यावी, नाहीतर मध्ये खड्डा पडत जातो. तीन-चार तासांनंतर विझवून निवू द्यावी. भांड्यातली असेल तर बुडाशी बोटभर मेण उरलं की थांबावं. पंख्याखाली, पडद्याजवळ, झोपण्याच्या खोलीत नको. आमच्याकडे आणखी एक: गोठ्यात नको, कडब्याच्या गंजीपाशी नको, ऊस तुटून पाचट पडलेल्या रानात तर मुळीच नको. एका ठिणगीनं उभा ऊस जळाल्याच्या बातम्या या पट्ट्यात दर हंगामात येतात.

तुकोबांची पालखी बेलवाडीचं गोल रिंगण करून अंथुर्ण्यावरून पुढे जाते, तिथीच्या हिशेबानं काही वर्षी इथे मुक्कामही होतो. त्या रात्री गावाच्या कडेनं राहुट्याच राहुट्या दिसतात, कापडाच्या, ताडपत्रीच्या. माझ्या मेणबत्त्या पाहून एका ओळखीच्या माउलींनी विचारलं, ‘‘दिंडीसाठी देताय का थोड्या?’’ मी नाही म्हटलं. दिवसभर चालून गाढ झोपणारी माणसं, शेजारी वाळत घातलेली धोतरं, जमिनीवर चगाळ, अशा जागी उघडी ज्योत देणं म्हणजे सेवा नव्हे. तिथे बॅटरीच बरी. त्यांना ते पटलं. ‘‘मग पायाच्या भेगांना लावायला मेण द्या,’’ त्या म्हणाल्या. ते दिलं, फवारणी नसलेल्या माळावरच्या पोळ्याचं, तेलात विरघळवून.

या मेणबत्तीबद्दल हल्ली बरंच काही सांगितलं जातं. ती हवा शुद्ध करते, तिला काजळीच येत नाही, वगैरे. यात तथ्य नाही. कोणतीही ज्योत हवा वापरते आणि थोडा धूर सोडते. वात जाड असेल तर मधमाशीचं मेणही काजळतं. दार-खिडकी थोडी उघडी हवीच. शिवाय महाग म्हणून मेणात पॅराफिन मिसळून विकणारेही आहेत. थंडीत खऱ्या मेणावर पांढरी झाक येते आणि कोमट फडक्यानं पुसली जाते. ती पाहून कुणी माल खराब समजू नये. खात्रीचं हवं असेल तर माश्या पाळणाऱ्या माणसाकडूनच घ्यावं. महाबळेश्वरला १९४६ पासून मध संचालनालयाचं काम चालू आहे, तिथलं मांघर २०२२ साली मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. सह्याद्रीच्या त्या रानाची बरोबरी आमच्या माळानं करू नये. पण बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात मधमाशीपालनाचं प्रशिक्षण मिळतं, आणि डाळिंबाच्या फुलोऱ्यात बागेत पेट्या ठेवल्या की फळधारणा सुधारते हे आता शेतकरी स्वतः सांगतात. पेट्या आल्या की फवारणीची वेळही माणसं संध्याकाळवर नेऊ लागतात. मधापेक्षा मला त्याचं अप्रूप अधिक आहे.

गाळून गाळून शेवटी पातेल्याला जो चिकट थर राहतो त्याची मेणबत्ती होत नाही. तो मी रिकाम्या लाकडी खोक्याच्या आतल्या बाजूला चोळते. मेणाच्या वासानं नवं घर शोधत निघालेली सातेरी कधी कधी आत शिरते. खोकं बांधावरच्या बाभळीखाली, सकाळचं ऊन लागेल आणि दुपारी सावली येईल असं ठेवायचं, खालच्या तिवईच्या पायांना पाण्याच्या वाट्या, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. आली, तर पहिलं वर्षभर तिच्या मधाला नि मेणाला हात लावायचा नाही.